डिचोलीच्या पाण्यामागचे रान

म्हादई अभयारण्य गोव्यातल्या डिचोली तालुक्यात येत नाही. ते शेजारच्या सत्तरी तालुक्यात, सह्याद्रीच्या चढणीवर आहे. तरीही डिचोलीकराला त्याची गाठ रोज पडते. चोर्ला घाटाच्या रानातून उतरणारी वाळवंटी नदी केरीवरून साखळीला येते आणि पडोशेच्या प्रकल्पात शुद्ध झालेले तिचे पाणी डिचोलीच्या नळांना पोचते. केरीजवळच्या अंजुणे धरणाचे पाणी शेती-बागायतीला मिळते, त्यामागेही हेच डोंगर आहेत. खाणीसाठी डोंगर खणला की पाणी कसे खाली जाते, हे या तालुक्याने शिरगावच्या आटलेल्या विहिरींत पाहिले आहे.

म्हादईचे रान वाचले ते 1999 साली. गोव्यात राष्ट्रपती राजवट असताना राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर केली. म्हादईचे क्षेत्र सुमारे 208 चौरस किलोमीटर. पलीकडे कर्नाटकातले भीमगड अभयारण्य त्याला लागूनच आहे, त्यामुळे वाघ, गवा, अस्वल यांना सलग रान मिळते.

अभयारण्य म्हणजे नुसती शिकारबंदी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 नुसार अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह परवानगीवाचून वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. म्हादई नदीचे पाणी वळवणाऱ्या कळसा-भांडुरा प्रकल्पावरून जानेवारी 2023 मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस बजावली ती याच कलमाखाली. म्हादई नदीच्या लढ्यात हे रान गोव्याच्या बाजूने उभा असलेला साक्षीदार आहे.

रान राखण्याची रीत इथे सरकारच्या आधीपासूनची. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय देवाच्या नावाने राखली गेली, म्हणून तिथली दुर्मीळ रानटी जायफळाची पाणथळ आजही टिकून आहे. वाघालाही इथे देव मानून पुजले जाते.

त्याच सत्तरीत, जानेवारी 2020 मध्ये, गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेलेले सापडले. हा घाव अजून भरलेला नाही. पण गोठ्यातले जनावर वाघाने मारले तर त्या घराचा आधारच तुटतो. भरपाई वेळेवर हातात पडली नाही, तर वाघाचा राग येणारच. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 24 जुलै 2023 रोजी तीन महिन्यांत म्हादईच्या रानात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि वनवासीयांचे हक्क बारा महिन्यांत निश्चित करण्यासही सांगितले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ आणि माणूस या दोघांच्याही न्यायाचा विचार एकाच निकालात झाला होता, हे वादाच्या गदारोळात विसरले जाते.

रानाला धोका आगीचाही आहे. मार्च 2023 मध्ये अभयारण्यातल्या साट्रे परिसरात वणवा पेटला, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. पावसाळ्यात धबधबे पाहायला गर्दी लोटते. तिथे जाणाऱ्याने बाटल्या, काचा आणि पेटती काडी मागे सोडू नये, एवढी साधी शिस्त तरी पाळावी.

पण खरी जबाबदारी खालच्या गावांची आहे. सत्तरीच्या वाड्यांनी रान सांभाळायचे आणि पाणी डिचोलीने प्यायचे, हा व्यवहार एकतर्फी राहू नये. त्या वाड्यांच्या जमिनीच्या हक्कांसाठी, गुरांच्या भरपाईसाठी आणि वनरक्षकांच्या पुरेशा बळासाठी डिचोलीच्या ग्रामसभांनीही ठराव घ्यावेत. पाण्यावर हक्क सांगणाऱ्याने रानाचा खर्चही वाटून घेतला पाहिजे.