पाव मैल, दहा सेकंद आणि एक पोलादी पिंजरा

भिंतीवरच्या घड्याळातील सेकंदकाट्याकडे पाहा आणि दहा सेकंद मोजा. एवढ्या वेळात बुटाची एक नाडीही नीट बांधून होत नाही. पण अमेरिकेतील ‘ड्रॅग’ शर्यतीत तेवढ्यात सगळा खेळ संपलेला असतो. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात. समोरच्या खांबावरचे पिवळे दिवे लागतात, पाठोपाठ हिरवा लागतो आणि पाव मैलाचा, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचा, सरळ रस्ता जी गाडी आधी ओलांडील ती जिंकते. वळण नाही, दुसरी फेरी नाही. या शर्यतींचे नियम करणारी ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापन केली. आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झालेल्या आहेत.

दहा सेकंदांत ४०२ मीटर, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४० मीटर. आता शाळेत शिकलेली गतीची समीकरणे आठवा. गाडी स्थिर अवस्थेतून निघाली आणि तिचे त्वरण अखेरपर्यंत एकसारखे राहिले, तर शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला ८० मीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो ६० मीटरच्या आसपास भरतो. असे का व्हावे? कारण त्वरण सुरुवातीला सर्वांत जास्त असते. वेग वाढतो तसा हवेचा अडथळा वाढतो, आणि इंजिनाची शक्ती ठरावीकच असल्यामुळे गाडीला पुढे ढकलणारे बल घटत जाते. या गाडीचा वेग–काल आलेख काढून पाहा. सरळ रेषेऐवजी हळूहळू आडवी होत जाणारी वक्ररेषा मिळेल.

सेकंदाला ६० मीटर म्हणजे ताशी २१६ किलोमीटर. हा वेग किती भयानक आहे हे आकड्यावरून चटकन ध्यानात येत नाही. म्हणून वेगळा हिशेब करू. एखादी वस्तू किती उंचीवरून सोडली, तर जमिनीवर आदळताना तिला हा वेग येईल? वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा. उत्तर येते सुमारे १८४ मीटर. कुतुबमिनारची उंची सुमारे ७३ मीटर आहे. म्हणजे अडीच कुतुबमिनार एकावर एक ठेवावेत आणि त्यांच्या माथ्यावरून माणसासकट मोटार खाली सोडून द्यावी, तसे हे!

आता समजा, तुमची एक जुनी मोटार आहे. पाव मैल ती ११.३ सेकंदांत तोडत असे. तुम्ही हिवाळाभर खपून तिला नवे, जोरकस इंजिन बसवले आणि ती ९.८ सेकंदांत धावू लागली. मोठ्या ऐटीत तुम्ही गाडी शर्यतीला नेता. तेथे आधी तपासणी असते. तपासनीस दार उघडून आत वाकतो, छतालगतच्या नळ्या पाहतो, मोजपट्टी काढतो आणि मान हलवतो. तुमची गाडी आज धावणार नाही!

इंजिन तर उत्तम चालले आहे, मग बिघडले काय? बिघडले हे, की इंजिन बदलले पण चालकाभोवतीचे संरक्षण पूर्वीचेच राहिले. दीड सेकंद वाचवताना शेवटचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटरवरून ६१ मीटरवर गेला. वाढ जेमतेम १५ टक्के. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. गाडी उलटली, तर ही सगळी ऊर्जा पत्रा, पोलाद आणि माणूस यांच्यातच कोठे तरी खर्च व्हायची असते. ती माणसात खर्च होऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

म्हणून नियमांची पायरी वेळेप्रमाणे चढत जाते. पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर तोडणाऱ्या गाडीत ‘रोल बार’ हवा. रोल बार म्हणजे आसनामागे उभी केलेली पोलादी नळीची कमान आणि तिला मागून टेकू देणाऱ्या तिरप्या नळ्या. ही कमान चालकाच्या हेल्मेटपेक्षा निदान तीन इंच उंच असावी लागते. वेळ ९.९९ सेकंद किंवा त्याहून कमी झाली, अथवा वेग ताशी १३५ मैलांवर, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटरांवर गेला, की एकटी कमान पुरत नाही. चालकाच्या चहूबाजूंनी ‘रोल केज’, म्हणजे पुरा पिंजरा लागतो, आणि त्याची रीतसर तपासणी करून घ्यावी लागते. (अलीकडच्या काही कारखानी बनावटीच्या गाड्यांना यातून सवलत आहे, त्यांचा मूळ सांगाडाच बराच भक्कम असतो.)

पिंजरा काम कसे करतो ते पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करू. सायकलच्या दुकानातून थोडी व्हॉल्व्हट्यूब आणा आणि तिचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे करा. गूल काढून टाकलेल्या आगकाड्यांची टोके त्यांत खुपसून एक चौकोन जोडा आणि एक त्रिकोण. चौकोन बोटाने ढकला. तो लगेच कलून पतंगासारखा होतो. त्रिकोण मात्र हटत नाही. काड्यांची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. आता चौकोनाच्या कर्णावर खराट्याची काडी दोऱ्याने बांधा. तोही ताठ झाला! मोटारीतील चांगल्या पिंजऱ्यात तुम्हांला अशा तिरप्या नळ्या जागोजाग दिसतील. एक मुख्य कमानीत तिरपी गेलेली असते, दोन मागे उतरतात. दारापाशी आडवी जाणारी नळी चालकाचा खांदा आणि कोपर यांच्या मध्यावरून गेली पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे बाजूने धडक बसली तर ती फासळ्यांच्या आधी नळीला बसते. बाहेरचा पत्रा खुशाल चुरगळू द्यावा, पण माणूस बसला आहे ती पोकळी शाबूत राहावी, एवढेच पिंजऱ्याचे काम. ट्रॅक्टर उलटून चालक चिरडले जाऊ नयेत म्हणून त्याच्या आसनापाशी जी कमान बसवतात, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ सालीच सक्तीची केली.

पण पिंजऱ्याला पोकळ नळीच का? भरीव गज का नको? एक जुने पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवा. खोडरबर ठेवताच ते वाकेल. त्याच पोस्टकार्डाची घट्ट सुरळी करून दोऱ्याने बांधा. आता तिला कंपासपेटी टांगली तरी ती सहज तोलून धरील. कागद तोच, वजन तेच. नळी वाकताना एका बाजूला ताण आणि दुसऱ्या बाजूला दाब पडतो. मधल्या भागावर जवळजवळ काहीच भार येत नाही. मग तेथे धातू भरून उपयोग काय? तो मध्यापासून दूर नेऊन ठेवावा. पिंजऱ्यासाठी सव्वाएक्केचाळीस मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे तीन मिलिमीटर जाड भिंतीची साध्या पोलादाची नळी लागते. तेवढ्याच वजनाचा भरीव गज केला, तर त्याचा व्यास जेमतेम साडेएकवीस मिलिमीटर भरेल आणि ताठपणा नळीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी!

साध्या पोलादाऐवजी क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले, ४१३० या क्रमांकाने ओळखले जाणारे पोलाद वापरले, तर त्याच व्यासाच्या नळीची भिंत २.१ मिलिमीटर असली तरी चालते. दर मीटरला २.८ किलोग्रॅमऐवजी दोनच किलोग्रॅम वजन, म्हणून शर्यतवाल्यांना ते प्रिय. येथे एक गैरसमज मात्र नेहमी होतो. हे पोलाद अधिक ताठ असते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. यंगचा गुणांक दोन्ही पोलादांचा जवळपास सारखाच असतो. त्यामुळे थोड्या भाराखाली दोन सारख्या नळ्या सारख्याच वाकतात. फरक पुढे पडतो. साधे पोलाद कायमचे वाकून बसते त्या ताणालाही मिश्र पोलाद मूळ आकारात परत येऊ शकते.

ते वेल्डिंगच्या बाबतीत थोडे हट्टीही असते. तापवलेला सांधा झपाट्याने थंड झाला, तर लगतचे पोलाद कठीण आणि ठिसूळ बनते. म्हणून त्यासाठी टंगस्टनचा विद्युदग्र आणि निष्क्रिय वायूचे आवरण वापरून सावकाश करायचे ‘टिग’ वेल्डिंगच मान्य आहे. साध्या पोलादाला तारेचे ‘मिग’ही चालते. आणखी एक नियम तुम्हांला विचित्र वाटेल. सांधा कानसून गुळगुळीत करण्यास सक्त मनाई आहे! आपल्याला वाटते, गुळगुळीत सांधा म्हणजे सफाईचे काम. पण कानस मारताना धातू झिजतो आणि आतली छिद्रे झाकली जातात. तपासनिसाला खडबडीत पण खरा सांधा पाहायचा असतो.

आता मुख्य अडचण. नळी बाहेरून तीन मिलिमीटरची आणि दोन मिलिमीटरची सारखीच दिसते. वर रंग दिलेला. आतून गंजली असेल, तर तेही दिसत नाही. नळी वाकवताना वळणाच्या बाहेरच्या अंगाला भिंत ताणली जाऊन पातळ होते, हेही ध्यानात ठेवा. मग न कापता जाडी मोजायची कशी? जुन्या पद्धतीत नळीला बारीक भोक पाडून पाहत. आता तपासनीस एक छोटे उपकरण नळीला टेकवतो. त्यातून माणसाला ऐकू न येणाऱ्या, अतिशय उच्च कंप्रतेच्या ध्वनीचा स्पंद पोलादात शिरतो, आतल्या पृष्ठभागावरून परततो, आणि जाण्या-येण्याला लागलेला वेळ मोजला जातो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. तीन मिलिमीटर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचा दहालाखावा भाग लागतो. भिंत २.१ मिलिमीटरची असेल, तर तो ०.७ दहालाखांशातच परततो. विहिरीत हाक मारून खोली ओळखावी, तसलाच हा प्रकार, फक्त विहीर तीन मिलिमीटरची!

तुमच्या गाडीच्या कमानीचे आकडे बरोबर आले, तर नशीब. तिला पुढचे खांब, छताची नळी आणि दाराच्या नळ्या जोडून पिंजरा पुरा करता येतो. पण कमानच पातळ निघाली, तर तिला कितीही नळ्या जोडून उपयोग नाही. सगळे कापून काढायचे आणि नव्याने करायचे. माझ्या मते येथेच माणसाची परीक्षा होते. कारण पैसे आणि वेळ इंजिनावर आधीच संपलेले असतात. जुन्या नळ्यांचे पायही तपासावे लागतात. ज्या गाडीला वेगळी चौकट नसते आणि तळाचा पत्राच सारा भार पेलतो, तेथे नळी थेट पत्र्यावर टेकवली तर खिळ्यासारखी आरपार जाईल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र तुम्हांला पाठ आहेच. म्हणून नळीच्या पायाखाली सहा इंच चौरस पोलादी पट्टी देऊन क्षेत्रफळ वाढवतात.

एवढे केले म्हणजे चालक सुरक्षित झाला का? १९ मार्च २००७ रोजी फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे एरिक मेडलेन हा चालक आपली गाडी चाचणीसाठी पळवत होता. मागच्या चाकाच्या बिघाडाने गाडी भयंकर थरथरू लागली. पिंजरा कोलमडला नाही. परंतु त्या थरथराटात मेडलेनचे डोके पिंजऱ्याच्या नळ्यांवर पुनःपुन्हा आपटले. चार दिवसांनी तो मरण पावला. त्यानंतर त्याच्या चमूने डोक्याभोवतीची जागा रुंद केली आणि नळ्यांवरचे अस्तर वाढवले.

अस्तराने काय होते? डोके सेकंदाला ५ मीटर वेगाने नळीकडे जात आहे असे धरा. ते ५ मिलिमीटरांत थांबले, तर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २५० पट मंदन होते. ५ सेंटिमीटरांत थांबले, तर २५ पट. थांबण्याचे अंतर दहापट, धक्का दशांश. मात्र हे अस्तर गादीतल्या फोमसारखे मऊ असून चालत नाही. मऊ फोम अंगठ्याने दाबून पाहा, बोट लगेच तळाला टेकते. डोकेही तसेच टेकेल. म्हणून नळ्यांवरचे अस्तर चांगले टणक असते आणि हेल्मेट जेथे जेथे लागू शकेल तेथे ते हवेच. यावरून हेही कळेल, की पिंजरा बसवलेली गाडी हेल्मेट न घालता बाजाराला घेऊन जाणे किती धोक्याचे आहे. साध्या गाडीत जेथे मोकळी जागा असते, तेथे या गाडीत कानशिलाजवळ पोलादी नळी असते.

सारे ठीक असले, की तपासनीस पिंजऱ्यावर क्रमांक असलेली एक चिकटपट्टी लावतो. बहुतेक गाड्यांना ती तीन वर्षे चालते. मग पुन्हा तपासणी. परंतु चालक आसनात नीट मावतो की नाही, हे त्याला हेल्मेट घालून, पट्टे आवळून आत बसवल्याशिवाय कळत नाही. हेल्मेट आणि नळी यांत किती अंतर उरले, खांदा आणि कोपर नळीच्या कोणत्या बाजूला आले, हे त्या माणसाच्या मापावर ठरते. पिंजरा तुमच्या मापाने केला असेल आणि पुढच्या शर्यतीत तुमच्याहून वीतभर उंच मोठा भाऊ गाडी चालवणार असेल, तर मोजपट्टी पुन्हा काढावी लागेल.