घरापुरती जागा मागणारा पक्ष

आफ्रिका खंडाच्या नैऋत्येला नामिबिया नावाचा देश आहे. आकाराने महाराष्ट्राच्या अडीच पटींहून मोठा, पण 2023 च्या शिरगणतीनुसार माणसे जेमतेम 30 लाख. एवढी मोकळी भूमी असताना कष्टकऱ्याला घरापुरता तुकडा मिळू नये? पण राजधानी विंडहुकच्या टेकड्यांवर पत्र्याच्या हजारो झोपड्या उभ्या आहेत आणि तिथल्या कित्येक आयाबाया सार्वजनिक नळावरून पाणी वाहतात.

हे दुखणे जुने आहे. देशावर आधी जर्मनांचे, नंतर दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारचे राज्य होते. विंडहुकमधल्या जुन्या वस्तीतून काळ्या लोकांना उठवायचे ठरले, तेव्हा लोकांनी विरोध केला. 10 डिसेंबर 1959 रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किमान अकरा जण मेले. शहराबाहेर जी वसाहत दिली तिचे नाव कातुतुरा. हेरेरो भाषेत याचा अर्थ, जिथे आम्हाला राहायचे नाही ती जागा!

21 मार्च 1990 ला देश स्वतंत्र झाला. स्वापो हा मुक्तिलढ्याचा पक्ष सत्तेवर आला. झेंडा बदलला, पण जागेचा हिशेब तोच राहिला. शहरात भूखंड द्यायचा तर आधी मोजणी, रस्ता, पाणी, गटार करावे लागते. तो खर्च किमतीत चढतो. त्यात नगरपालिका भूखंडांचा लिलाव करी, म्हणजे पैसेवाल्याचीच बोली वर. शिकलेला, नोकरी करणारा तरुणही भाडे भरता भरता थकून जाई.

स्वापोच्याच युवक आघाडीतले जॉब अमुपांडा हे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत. नोव्हेंबर 2014 मध्ये ते, दिंबुलुकेनी नौयोमा आणि जॉर्ज कंबाला यांनी क्लाईन कुप्पे या श्रीमंत वस्तीतल्या रिकाम्या भूखंडावर जाऊन झुडपे साफ केली आणि जागेवर हक्क सांगितला. चळवळीचे नाव ठेवले ‘अफर्मेटिव्ह रिपोझिशनिंग’. मागे ढकललेल्यांना त्यांच्या हक्काच्या जागी आणून बसवणे, असा त्याचा भाव. पुढे 2015 च्या फेब्रुवारीत हजारो तरुण अर्ज घेऊन नगरपालिकेपुढे रांगेत उभे राहिले. आमच्या मते त्या लढ्याचे खरे बळ या रांगेत होते. दगड नाही, जाळपोळ नाही, हातात फक्त कागद.

31 जुलैपर्यंत जागा द्या, नाहीतर आम्ही घेऊ, अशी मुदत त्यांनी दिली. सरकार हादरले. 24 जुलै 2015 रोजी राष्ट्राध्यक्ष हागे गाइनगोब यांनी या पोरांना बोलावून करार केला: देशभर दोन लाख भूखंड तयार करायचे. सुरुवात विंडहुक, वॉल्विस बे आणि ओशाकाती येथून. त्याच महिन्यात पक्षाने त्यांची हकालपट्टीही केली होती. एका हाताने करार, दुसऱ्या हाताने लाथ! ती हकालपट्टी 2016 मध्ये हायकोर्टाने रद्द केली.

दोन लाखांचे काय झाले? त्या आकड्याच्या जवळपासही काम गेले नाही. आकडा घोषणेला छान शोभतो, पण पाण्याचा पाइप टाकायला पैसा आणि वर्षे लागतात. याचा अनुभव खुद्द अमुपांडांनाही आला. 2020 च्या स्थानिक निवडणुकीत चळवळीला विंडहुकच्या 15 पैकी 2 जागा मिळाल्या आणि इतर पक्षांच्या मदतीने ते वर्षभर महापौर झाले. पंधरांत दोघे, मुदत एक वर्ष. एवढ्यात झोपड्या हलल्या नाहीत. त्यांची जीभ फार तिखट आहे आणि सारी चळवळ एका माणसाभोवती फिरते, ही टीकाही आम्हाला खोटी वाटत नाही.

तरी लोकांनी त्यांना सोडले नाही. 2024 च्या नोव्हेंबरात हा पक्ष पहिल्यांदाच संसदेसाठी लढला. निवडून द्यायच्या 96 जागांपैकी स्वापोला 51 मिळाल्या, या नव्या पक्षाला 6. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या भूखंडावरची झुडपे तोडणारे अमुपांडा आता खासदार आहेत.