आळशी डोळा

एखादे मूल तिरळे बघते. घरची माणसे म्हणतात, "असू द्या. तिरळा डोळा भाग्याचा. मोठेपणी आपोआप सरळ होईल." हे बोलणे आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते खरे नाही. वाट बघण्यात मुलाचा एक डोळा कायमचा अधू होतो.

तो कसा, ते पाहू. दोन डोळे दोन चित्रे मेंदूकडे धाडतात. मेंदू ती जोडून एक करतो. डोळा तिरळा असला, तर चित्रे जुळत नाहीत. एका डोळ्याचा नंबर जास्त असला, तर त्याचे चित्र पुसट येते. मग मेंदू चांगले चित्र तेवढे घेतो, दुसरे टाकून देतो. जोडीतला एकच बैल ओढतो, दुसरा नुसता बरोबर चालतो, तसे होते. याला आळशी डोळा म्हणतात. नाव काही बरोबर नाही. डोळा बिचारा आळशी नसतो, मेंदूच त्याचे ऐकत नाही.

कित्येकदा डोळा तिरळाही नसतो. दोन्ही डोळे छान दिसतात. मूल धावते, खेळते. एका डोळ्याने कमी दिसते, हे त्याचे त्यालाही कळत नाही. पुढे चांगल्या डोळ्याला विटी लागली, की मग कळते!

म्हणून लहानपणीच पाहा. मूल खेळण्यात रमले, की त्याचा एक डोळा हाताने झाका. मग दुसरा झाका. एकच डोळा झाकल्यावर ते रडते, हात ढकलते का? तर डॉक्टर गाठा. नाही रडले, तरी शाळेत घालण्याआधी डोळे तपासून घ्याच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येतात. त्यांना दाखवा. पैसे पडत नाहीत. बुबुळात पांढरे दिसले, तर मात्र कुणाची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उपाय साधा आहे. आधी चष्मा. पुष्कळ मुलांना तेवढ्यानेच फरक पडतो. नाही पडला, तर पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर लावायची! आजीबाई म्हणतील, "अगं, चांगला डोळा का बांधतेस?" त्यांना समजावून सांगा. चांगला डोळा झाकला, म्हणजे मेंदूला दुसऱ्याचे ऐकावेच लागते. पट्टी रोज दोन तास, डोळा फार अधू असेल तर सहा तास. डॉक्टर सांगतील तसे. काहींना पट्टीऐवजी थेंब देतात.

सात वर्षांच्या आत गुण चांगला येतो. पुढे उशीर होत जातो, तरी दहा-बारा वर्षांच्या मुलालाही दाखवा.

पट्टीने मूल चिडते, ओढून काढते. त्या वेळी त्याला धान्य निवडायला बसवा, चित्रे रंगवायला द्या. हे काम महिनोन् महिने चालते. दिसू लागले, म्हणून आपल्या मनाने पट्टी बंद करू नका. डोळा पुन्हा मागे पडतो.