साथीच्या काळात विमानप्रवास: धोका नेमका कुठे असतो?

"डॉक्टर, बंद विमानात सगळ्यांची हवा एकच. मग लागण होणारच ना?" केमोथेरपी सुरू असलेल्या किंवा घरात वयस्कर माणूस असलेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण भीती थोडी चुकीच्या जागी आहे.

उडत्या विमानातली हवा साधारण दर दोन-तीन मिनिटांनी बदलते. बहुतेक मोठ्या विमानांत त्यातली जवळपास निम्मी बाहेरून येते आणि उरलेली हेपा फिल्टरमधून गाळली जाते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. शिवाय हवा डोक्यावरून येऊन पायाशी बाहेर पडते, त्यामुळे ती पुढून मागे फारशी वाहत नाही.

पण शेजारी खोकला, तर ते कण फिल्टरपर्यंत जाण्याआधी तुमच्या नाकाशी पोचतात. मार्च २०२० मध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या एका विमानात हेच दिसले. सुमारे दहा तासांच्या त्या प्रवासात एका आजारी प्रवाशापासून पंधरा जणांना कोविडची लागण झाली असावी, असे तपासात आढळले. त्यातले बारा जण त्याच प्रवाशासोबत बिझनेस क्लासमध्ये बसलेले होते. मास्क तेव्हा सक्तीचा नव्हता.

म्हणून मास्क महत्त्वाचा. एन-९५ घ्या, व्हॉल्व्ह नसलेला. नाकावर घट्ट बसणारा. दमा किंवा सीओपीडी असेल तर तो आधी घरी तासभर लावून पाहा. विमानतळावर पहिल्यांदा लावला की जीव घाबरतो आणि मग तो हनुवटीवर येतो! दोन तासांच्या प्रवासात खाणे टाळता येते, घरून जेवून निघा. लांबच्या प्रवासात शेजाऱ्याचे खाऊन होऊ द्या, त्याने मास्क लावला की तुम्ही खा. खिडकीजवळची जागा मिळाली तर उत्तम, जवळून ये-जा कमी होते.

खरी गर्दी जमिनीवर असते: तपासणीची रांग, विमानापर्यंत नेणारी बस आणि उतरताना सगळे एकदम उठतात ती पाच-दहा मिनिटे. विमान उभे असताना हवा खेळती राहीलच याची खात्री नसते. तेव्हा बसून राहा, गर्दी ओसरू द्या. सॅनिटायझर जवळ ठेवाच, पण हात धुतले म्हणून मास्क काढू नका.

केमोथेरपी चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झाले असेल किंवा स्टेरॉइड घेत असाल, तर तिकीट काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. काही तपासण्या व्हिडिओ कॉलवर भागतात. फुप्फुसांचा आजार असेल तर ऑक्सिजनबद्दलही विचारा. केबिनमधला हवेचा दाब सुमारे आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो.

आणि ताप असताना पॅरासिटामॉल घेऊन विमानात बसू नका. तापमापक फसेल, पण तुमच्या शेजारच्या सीटवर कदाचित असाच कोणी केमोथेरपीचा रुग्ण बसलेला असेल.