अर्थाचे टॅग, रूपाचे टॅग

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून टिम बर्नर्स-ली यांनी टॅगांची एक छोटी यादी मांडली. एचटीएमएलची जगाला झालेली ही पहिली ओळख. एलिमेंट्स अवघी अठरा: शीर्षकासाठी 'टायटल', मथळ्यांसाठी 'एच१' ते 'एच६', परिच्छेदासाठी 'पी', यादीसाठी 'यूएल' आणि 'एलआय'. यांतली बरीचशी सर्नमधल्या जुन्या दस्तऐवज-पद्धतीतून घेतलेली. खरी नवी भर होती ती 'ए' या एकाक्षरी टॅगची. एका पानावरच्या शब्दावरून जगातल्या कुठल्याही पानावर नेणारा दुवा त्यानेच दिला. वेबला वेब केले ते या एलिमेंटने.

त्या यादीत चित्राला जागा नव्हती. फेब्रुवारी १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या मार्क अँड्रीसन यांनी 'आयएमजी' सुचवले. इतरांनी वेगळे पर्याय मांडले, पण मोझॅक ब्राउझरमध्ये 'आयएमजी' आले आणि तेच रूढ झाले. ज्याला चित्र दिसत नाही त्याच्यासाठी 'ऑल्ट' हा पर्यायी मजकूर असतो. १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने तो सक्तीचा केला, तरी आजही असंख्य पानांवर तो नसतो. ही साधी हयगय नव्हे. अंध वाचकावर तो अन्याय आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देखणेपणाची ओढ लागली. नेटस्केपने 'सेंटर' आणि 'फॉन्ट' आणले, लुकलुकणारे 'ब्लिंक' आणले. इंटरनेट एक्सप्लोररने अक्षरे सरकवणारे 'मार्की' आणले. आकडेवारीसाठी असलेल्या 'टेबल'मध्ये अख्खी पाने बसवली जाऊ लागली. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ च्या पुस्तकाने तर रिकामी जागा राखण्यासाठी एका पिक्सेलचे अदृश्य चित्र वापरण्याची युक्ती घरोघरी पोहोचवली. पाने सुंदर दिसू लागली. मात्र मथळा कोणता आणि मजकूर कोणता, हे यंत्राला कळेनासे झाले.

मराठीला याची झळ थेट बसली. सुरुवातीच्या अनेक मराठी संकेतस्थळांची भिस्त 'फॉन्ट' टॅगवर होती. साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन संकेतांची, वर देवनागरीचा केवळ मुखवटा. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसला की बातमीच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसे, आणि मराठी शब्द टाकून शोधले तर काहीच सापडत नसे. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारे युनिकोड रुळल्यावर ही अडचण सरली. पानाची भाषा मराठी आहे हे सांगायला टॅगच्या 'लँग' या गुणधर्मात 'एमआर' ही दोन अक्षरे पुरतात. उच्चार कोणत्या भाषेचा करायचा, हे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांवरून कळते.

रूपाचे काम उचलायला सीएसएस आले होते. होकन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये ते सुचवले, १९९६ च्या अखेरीस पहिली आवृत्ती निघाली. एचटीएमएल ४.० ने 'फॉन्ट' आणि 'सेंटर' टाळावेत असे सांगितले, तरी सवय जायला आणखी कित्येक वर्षे लागली. मधला एक्सएचटीएमएलचा कडक शिस्तीचा प्रयोग फार टिकला नाही.

पुढचे पाऊल मात्र लोकांच्या वापराकडे पाहून पडले. २००५ मध्ये गूगलने एक अब्जाहून अधिक पाने तपासली, तेव्हा लेखकांनी आपापल्या भागांना दिलेल्या नावांत 'फूटर' आघाडीवर निघाले. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये 'हेडर', 'नॅव्ह', 'आर्टिकल' यांच्यासोबत 'फूटर'ही रीतसर एलिमेंट झाले. २०२३ मध्ये त्यांच्या पंक्तीला शोधाच्या भागासाठी 'सर्च' आले. तेही रूपाबद्दल काही सांगत नाही, फक्त हा भाग कशासाठी आहे एवढेच सांगते.