आर्जिरोडाइट : सात भागांचा हिशेब

घरचा जमाखर्च लिहिताना शंभर रुपयांत सात रुपयांचा मेळ बसेना, तर आपण बहुधा ‘किरकोळ’ असे लिहून वही मिटतो. एका रसायनशास्त्रज्ञाने वही मिटली नाही. म्हणून जगाला एक नवे मूलद्रव्य लाभले.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात फ्रायबर्ग हे खाणींचे जुने गाव आहे. तेथील हिमेल्सफुर्स्ट या रुप्याच्या खाणीत १८८५ साली एक अपरिचित खनिज सापडले. खनिजशास्त्राचे प्राध्यापक आल्बिन वाइसबाख यांनी त्याला ‘आर्जिरोडाइट’ हे नाव दिले; ‘रुपे असलेले’ असा त्या ग्रीक नावाचा अर्थ. रंग पोलादासारखा करडा, त्यात किंचित तांबूस झाक. ताज्या तुकड्यावर धातूची चकाकी असते, पण पुढे ती काळवंडते. वजनाने ते पाण्याच्या सहापट भारी. तरी इतके मऊ व ठिसूळ की तांब्याच्या पैशानेही त्यावर ओरखडा उमटावा.

त्याचे पृथक्करण क्लेमेन्स विंक्लर यांच्याकडे आले. रुपे सुमारे ७५ टक्के, गंधक १७ टक्के, शिवाय थोडे लोह, जस्त व पारा. बेरीज मात्र ९३ च्या पुढे जाईना! त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला. तूट तितकीच राहिली. तेव्हा त्यांनी ताडले की, चूक तराजूची नव्हे. येथे कोणी अनोळखी पाहुणा दडला आहे. त्याचे गंधकसंयुग पाण्यात विरघळत असल्याने तो निसटत होता. द्रावणात भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतताच पांढरा साका खाली बसला. ६ फेब्रुवारी १८८६ रोजी नवे मूलद्रव्य हाती आले. विंक्लर यांनी मायदेशावरून त्याला ‘जर्मेनियम’ म्हटले.

आश्चर्य पुढेच आहे. रशियातील मेंडेलेव्ह यांनी १८७१ मध्येच आपल्या कोष्टकात सिलिकॉनखाली एक जागा रिकामी ठेवून तेथील मूलद्रव्याचा अणुभार ७२ व घनता ५.५ असेल, असे वर्तविले होते. आज हे आकडे ७२.६ व ५.३ असे मानले जातात. प्रथम विंक्लर यांनी आपल्या मूलद्रव्याची जागा अन्यत्र कल्पिली होती. परंतु मोजमाप पुढे येताच ती चूक त्यांनी मान्य केली.

१९४७ साली अमेरिकेत बनलेला पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमचाच होता. आज अवरक्त किरणांची भिंगे व काचतंतू यांतही ते वापरतात; मात्र ते मिळते मुख्यतः जस्ताच्या खनिजांतून. आर्जिरोडाइट दुर्मिळच राहिले. त्याचा धडा मात्र सर्वांच्या उपयोगाचा आहे : न जुळणारा हिशेब झाकू नये, पुन्हा मांडावा.