साहेबांच्या कमरेचा फोन

२००२ साली ब्लॅकबेरीचं ५८१० नावाचं मॉडेल आलं. कंपनीचं फोन करता येणारं हे पहिलं यंत्र, पण त्याला ना माईक होता, ना कानाला लावायचा स्पीकर! कुणाशी बोलायचं तर हेडफोनची वायर खुपसायची, नाहीतर गप्प बसायचं. तरी अशा यंत्रावर वकील, बँकवाले आणि शेअर दलाल जीव टाकत होते, कारण त्यांना मुळात हवी होती ई-मेल, आणि तीही आली त्या क्षणी. कामाचा फोन कसा निवडला जातो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही. दहा गोष्टी बऱ्यापैकी करणारा फोन घरासाठी ठीक. धंद्यातला माणूस आपली एक गोष्ट न चुकता करणारा फोन उचलतो.

ही कंपनी कॅनडातल्या वॉटर्लू शहरातली. तिचं मूळ नाव रिसर्च इन मोशन, म्हणजेच रिम. माइक लझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोघांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. १९९९ मध्ये आलेलं पहिलं ब्लॅकबेरी ८५० दिसायला पेजर होतं आणि एका पेन्सिल सेलवर चालायचं. त्याच्याही पाच वर्षं आधी, १९९४ मध्ये, आयबीएमने सायमन नावाचा टचस्क्रीन फोन विकून पाहिला होता. त्यात ई-मेल होती, फॅक्स होता, कॅलेंडर होतं. फक्त वजन अर्धा किलो आणि बोलायला बसलं की बॅटरी तासाभरात खलास. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या माणसाला असा फोन काय कामाचा?

आणीबाणीत लागलेला फोन

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि मोबाइलच्या लाइनी जाम झाल्या. कुणाचा कुणाला फोन लागेना. ब्लॅकबेरीवरचे संदेश मात्र जात होते, कारण ते वेगळ्या डेटा नेटवर्कवरून धावायचे. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने त्यानंतर आपल्या सदस्यांच्या हातात ब्लॅकबेरी दिले. कुठल्याही जाहिरातीला जमलं नसतं असं प्रमाणपत्र त्या एका दिवसाने दिलं.

शिवाय होता तो कीबोर्ड. दोन अंगठ्यांनी टाइप करायचा, जेमतेम तळहाताएवढ्या यंत्रावरचा. त्यातल्या बारीकसारीक सोयी बघितल्या की बनवणाऱ्यांचं मनापासून कौतुक वाटतं. ई-मेलचा पत्ता लिहिताना मधे स्पेस दाबली की ॲटचं चिन्ह आपोआप यायचं, पुन्हा दाबली की टिंब. वाक्य संपलं? दोनदा स्पेस, पूर्णविराम हजर आणि पुढचं अक्षर कॅपिटल. एखादी कळ जरा दाबून धरली तरी कॅपिटल. बोल्ड मॉडेलच्या कळांच्या रांगांमध्ये तर गिटारच्या पडद्यांसारख्या धातूच्या बारीक पट्ट्या होत्या, म्हणजे न बघताही अंगठ्याला रांग कळावी. मीटिंगमध्ये टेबलाखाली हात ठेवून आख्खी ई-मेल लिहिणारे साहेब होते ते याच्याच जोरावर.

कमरेच्या पट्ट्याला लावलेलं ते काळं पाकीट आठवतंय? त्यातही करामत होती. पाकिटात एक लोहचुंबक असायचा. फोन आत सरकवला की फोनला ते कळायचं: स्क्रीन बंद, बॅटरीची बचत, आणि हवं तर पाकिटात असताना थरथरायचं नि टेबलावर असताना वाजायचं, असंही ठरवून ठेवता यायचं. बाहेर काढला की स्क्रीन लगेच जागी. आणि तो कोपऱ्यातला लुकलुकणारा लाल दिवा! नवा निरोप आल्याची खूण. त्याने किती जणांची जेवणं अर्धवट राहिली असतील. हे व्यसन इतकं बोकाळलं, की २००६ मध्ये अमेरिकेतल्या वेबस्टर्स न्यू वर्ल्ड शब्दकोशाने ‘क्रॅकबेरी’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

किल्ली कुणाकडे?

पण दिवा, कीबोर्ड, पाकीट ही सगळी वरची सजावट. फोन निवडणारा खरा माणूस वेगळाच होता: कंपनीच्या संगणक विभागाचा प्रमुख. ब्लॅकबेरीचा सर्व्हर कंपनीच्या स्वतःच्या कार्यालयात बसायचा. तिथून निघालेली ई-मेल कुलूपबंद होऊन जायची आणि थेट हातातल्या फोनवरच उघडायची. फोन टॅक्सीत राहिला तर कार्यालयातून एक आज्ञा, आणि आतलं सगळं पुसलं जायचं. ज्याच्या फोनमध्ये निविदेचे आकडे असतात त्याला या एका सोयीची किंमत विचारा.

हीच कुलपं आपल्याकडे वादाची झाली. २०१० मध्ये भारत सरकारने बजावलं, की सुरक्षा यंत्रणांना संदेश बघता येत नसतील तर सेवा बंद करू. कंपन्यांच्या ई-मेलची किल्ली आमच्याकडे नसतेच, असं रिमचं म्हणणं. अखेर २०१२ मध्ये रिमने सामान्य ग्राहकांच्या मेसेंजर सेवेसाठी मुंबईत सर्व्हर बसवला. गंमत म्हणजे त्याच २०१० मध्ये व्होडाफोनची ‘ब्लॅकबेरी बॉइज’ जाहिरात टीव्हीवर गाजत होती: सुटाबुटातले साहेब ‘आम्ही ब्लॅकबेरी बॉइज’ म्हणून गातात आणि बघता बघता रंगीबेरंगी कपड्यांतली कॉलेजची पोरं त्यांच्यात घुसतात. एकीकडे दिल्लीत देशाच्या सुरक्षेची चर्चा, दुसरीकडे कट्ट्यावर पोरांचं एकमेकांचे मेसेंजरचे पिन मागणं.

बराक ओबामा २००९ मध्ये अध्यक्ष झाले तेव्हा ब्लॅकबेरी सोडायला तयार नव्हते. सुरक्षेवाल्यांशी घासाघीस करून त्यांनी तो ठेवला, पण मोजक्याच लोकांना त्यावर संदेश पाठवता यायचा. २०१६ मध्ये त्यांना नवा स्मार्टफोन मिळाला, तर त्यावर फोटो काढता येत नव्हता, मेसेज पाठवता येत नव्हता, गाणी ऐकता येत नव्हती. तीन वर्षांच्या पोराच्या खेळण्यातल्या फोनसारखा आहे, असं त्यांनी स्वतःच टीव्हीवर सांगितलं. जगातल्या सर्वांत ताकदवान कार्यालयाचा फोन, आणि त्याचा मोठा गुण हा, की त्याला फारसं काही येत नाही!

कळा गेल्या, साहेब राहिले

२००७ मध्ये आयफोन आला, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर त्याच्या किमतीवर मनमुराद हसले होते. कीबोर्ड नाही, तेव्हा व्यावसायिकांना हा चालायचा नाही, असा त्यांचा होरा. त्या दिवशी तो अगदीच चुकीचा नव्हता. पहिल्या आयफोनला कंपन्यांची ई-मेल नीट जमत नव्हती. पण २००८ च्या जुलैत ॲपलने मायक्रोसॉफ्टच्याच एक्स्चेंज यंत्रणेची सोय दिली, हरवलेला फोन दुरून पुसण्यासकट, आणि त्याच वेळी ॲप स्टोअर उघडलं. मग उलटी गंगा सुरू झाली. कंपनीने दिलेला फोन एका खिशात आणि स्वतःचा आयफोन दुसऱ्या खिशात घेऊन फिरणारे साहेब संगणक विभागाला म्हणू लागले, ‘याच्यावरच मेल चालू करून दे.’ साहेबांनाच नाही कोण म्हणणार?

त्यात ऑक्टोबर २०११ मध्ये रिमच्या यंत्रणेतला एक मुख्य स्विच बिघडला आणि त्याच्या जागी येणारी पर्यायी व्यवस्थाही चालली नाही. युरोप, आफ्रिका, भारत आणि पुढे अमेरिकेतही ई-मेल अडकल्या. गोंधळ १० तारखेला सुरू झाला, १३ ला निस्तरला आणि १४ ला आयफोन ४एस दुकानात आला. ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी हा फोन धरून ठेवला होता, तीच बंद पडली होती. जुन्या ब्लॅकबेरी फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला कायमच्या थांबल्या. कंपनी मात्र संपली नाही. तिच्या क्यूएनएक्स या प्रणालीवर आज जगभरातल्या २० कोटींहून जास्त गाड्या चालतात.

कुलपाचा धंदा बाकीच्यांनी उचलला. सॅमसंगने २०१३ मध्ये नॉक्स नावाचं कुलूप आणलं. अँड्रॉइडने २०१५ पासून एकाच फोनचे दोन कप्पे केले, एक घरचा, एक कामाचा. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसची खूण असते. शुक्रवारी संध्याकाळी एक बटण दाबलं की ब्रीफकेसवाली सगळी ॲप करडी पडतात, सोमवारपर्यंत चिडीचूप. नोकरी सुटली की कंपनी फक्त आपला कप्पा पुसते, मुलीच्या वाढदिवसाचे फोटो जागच्या जागी राहतात. लाल दिव्याच्या काळात ही सोय असती तर किती संसार सुखाचे झाले असते!

कंपन्या आता आणखी एक गोष्ट बघतात: फोनला अपडेट किती वर्षं मिळणार. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांची हमी दिली. हजारभर फोन एकदम घेणाऱ्याला कॅमेऱ्यापेक्षा ही ओळ महत्त्वाची वाटते, आणि त्याचं बरोबरच आहे.

सुटाबुटाबाहेरचे व्यावसायिकही तितकेच चोखंदळ. नोकिया ११०० हा २००३ चा फोन २५ कोटींहून जास्त विकला गेला, तो धूळ शिरणार नाही असा कीपॅड आणि डोक्यावरची विजेरी यांच्या जिवावर. प्लंबर, रिक्षावाला, दूधवाला यांचा खरा बिझनेस फोन तोच. आणि आपल्या व्यापाऱ्याला तर कायम दोन सिम हवीत: एक नंबर गिऱ्हाइकांना, एक घरच्यांना. ही मागणी नोकियाला उशिरा कळली. तोवर मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी आपल्याकडच्या बाजारात पाय रोवले होते. ॲपलने दोन नंबरांची सोय दिली थेट २०१८ मध्ये, तीही एक खरं सिम आणि एक ई-सिम अशी. चीनमध्ये विकायच्या काही मॉडेलना मात्र त्यांनी मुकाट्याने दोन खऱ्या सिमची जागा करून दिली.